उन्हाळ्यातील तापलेला रस्ता आणि आपली मोटारसायकल

एप्रिल-मे हे महिने शेतातील कामाचे कमी आणि रस्त्यावरच्या फेऱ्यांचे जास्त. बियाण्यांची चौकशी, पीककर्जाचे कागद, बाजार समितीतील तूर-हळदीचे भाव, पंपाची दुरुस्ती, त्यातच लग्नसराई. पूर्वी यासाठी एस.टी.ची वाट पाहावी लागे. आता बहुतेक घरी मोटारसायकल आहे आणि बहुतेक फेऱ्या भर दुपारी होतात, कारण कार्यालये अकराच्या पुढेच भरात येतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील दर शंभरांपैकी चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरील होती. सर्वच अपघात काही रस्त्यामुळे होत नाहीत. तथापि उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग बदलतो, आणि तो नेमका कसा बदलतो हे गाडी शिकताना आपल्याला कोणी सांगितलेले नसते. जमिनीचे तापमान, ओल आणि कणरचना हा आमच्या कृषिविद्येचा रोजचा विषय. रस्ता हीसुद्धा एक प्रकारची दाबून बसविलेली जमीनच आहे, या दृष्टीने पाहिले तर पुष्कळ गोष्टी सहज उलगडतात.

डांबराला घाम का सुटतो?

अकोला, चंद्रपूर, जळगाव, परभणी या भागांत मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. हे तापमान सावलीत, जमिनीपासून काही उंचीवर मोजलेले असते. उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग दुपारी याहून कितीतरी अधिक तापतो, हे अनवाणी चाललेल्या प्रत्येकाला माहीत आहे. डांबरी रस्ता काळा, कोरडा आणि सावलीविना. ऊन शोषून घेण्यास याहून सोयीचा पृष्ठभाग नाही. अशा दिवशी दुपारी एक ते तीनच्या दरम्यान रस्त्याचे तापमान ६० अंशांच्या पुढे सहज जाते.

आता डांबराकडे पाहू. आपल्याकडे रस्त्यांसाठी सर्रास वापरले जाणारे डांबर 'व्हीजी-३०' या प्रतीचे असते. भारतीय मानक ७३ च्या २०१३ च्या आवृत्तीनुसार ते मऊ पडण्याचे तापमान किमान ४७ अंश असावे लागते. व्हीजी-१० या पातळ प्रतीसाठी हीच मर्यादा ४० अंश आहे. म्हणजे दुपारच्या रस्त्यावर डांबर आपली मऊ पडण्याची मर्यादा ओलांडून बसलेले असते. याचा अर्थ ते पाण्यासारखे वाहू लागते असा नव्हे. लोणी जसे आधी मऊ होते, मग बोट लावताच दबते आणि फार पुढे जाऊन पातळ होते, तसा हा क्रम आहे.

रस्ता चांगला केलेला असेल तर मऊ डांबरानेही बिघडत नाही. खडीच्या कणांमध्ये थोडी पोकळी राखलेली असते आणि फुगलेले डांबर त्या पोकळीत सामावते. जमिनीत जशी हवेची पोकळी लागते तसेच हे. परंतु डांबर प्रमाणापेक्षा जास्त मारले गेले, वरचा थर जाड झाला, खड्डा बुजविताना डबाभर डांबर ओतून दिले, किंवा उसाच्या ट्रक-ट्रॉल्यांनी वरची खडी खाली दाबून टाकली, तर पोकळी उरत नाही. मग डांबराला वर येण्यावाचून जागा नसते. वाहने ज्या दोन रेषांवरून सतत जातात त्या चाकोऱ्यांत ते प्रथम वर येते. रात्री रस्ता थंड झाला तरी वर आलेले डांबर पुन्हा खाली जात नाही. प्रत्येक तापलेल्या दुपारी थर थोडा थोडा वाढत जातो. म्हणूनच मार्चमध्ये ठीक असलेला रस्ता मेअखेरीस आरशासारखा चकाकू लागतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "डांबर चिकट आहे, मग टायर घसरेल कसा? उलट धरून ठेवील," असे अनेकजण म्हणतात. आपली काळी माती पाऊस पडल्यावर किती चिकट होते ते आठवा. जोड्याला ढेकूळ चिकटून पाय जड होतो आणि तरीही उतारावर पाय सटकतो. चिकटपणा आणि पकड या वेगळ्या गोष्टी आहेत. टायरला पकड मिळते ती खडीच्या टोकदार कणांवर. ते कण डांबराच्या थराखाली बुडाले की टायर आणि खडी यांच्यामध्ये एक मऊ पडदा उभा राहतो. सरळ, एकाच वेगाने जाताना काही जाणवत नाही. ब्रेक दाबला किंवा गाडी वळणावर कलती केली की तो पडदाच जागेवरून सरकतो, आणि त्याच्यासोबत चाकही.

ओळखायचे कसे?

पाघळलेला भाग दुरून ओल्या रस्त्यासारखा दिसतो. मृगजळही तसेच दिसते, त्यामुळे डोळा फसतो. फरक असा की मृगजळ आपण पुढे जाऊ तसे पुढे पळते आणि रस्त्याच्या सबंध रुंदीवर पसरलेले असते. डांबराची चकाकी जागची हलत नाही, आणि ती बहुधा दोन समांतर पट्ट्यांत किंवा ठिगळांत असते. जवळ आल्यावर टायरचा आवाजही बदलतो. खरखर थांबून चिकट चटचट ऐकू येऊ लागते. पुढे गेलेल्या ट्रकच्या टायरची नक्षी डांबरात उमटलेली दिसली, तर शंकेला जागाच नाही.

अशा ठिकाणी चाकोऱ्या सोडून त्यांच्या मधल्या पट्ट्यातून जावे. तेथे वाहनांचा दाब कमी पडतो, म्हणून खडी अजून उघडी असते. चकाकी दिसताच, ती सुरू होण्यापूर्वी वेग कमी करून घ्यावा. चकाकीवर गेल्यानंतर ब्रेक, गिअर आणि हँडल या तिघांनाही शक्यतो त्रास देऊ नये. एकसारखी रेस ठेवून गाडी सरळ उभी ठेवावी व पार व्हावे.

या रस्त्यावरून बाहेर आल्यावरही दोन-तीनशे मीटर जपूनच चालवावी. टायरला लागलेल्या डांबरावर पुढची धूळ आणि कच चिकटते आणि चांगल्या रस्त्यावरही पकड कमी राहते. घरी आल्यावर हे डांबर रॉकेल किंवा डिझेलने पुसण्याची पद्धत आहे, ती चुकीची आहे. त्याने रबर खराब होते आणि टायर काही काळ अधिकच निसरडा होतो. लाकडी चिपाटाने खरवडावे व साबणाच्या पाण्याने धुवावे, एवढे पुरे.

सुटी कच: येथे नियम नेमका उलटा

उन्हाळा हा रस्ते दुरुस्तीचाही हंगाम. पावसाळ्यापूर्वी कामे उरकायची म्हणून सर्वत्र खडीचे ढीग दिसतात. डांबराचा थर मारून त्यावर बारीक खडी पसरतात व रोलर फिरवतात. तिच्यातील काही खडी डांबरात बसत नाही. ती सुटी राहते. वाहनांच्या चाकांनी ती चाकोरीतून उडून मधल्या पट्ट्यात आणि कडेला जमा होते.

म्हणजे पाघळलेल्या डांबरावर मधला पट्टा सुरक्षित, तर सुट्या खडीच्या रस्त्यावर चाकोरी सुरक्षित. हा फरक ज्याच्या लक्षात राहिला त्याला या लेखाचा निम्मा उपयोग झाला असे मी म्हणेन. दोन्ही ठिकाणी एकच सवय ठेवणारा माणूस कोठेतरी एका ठिकाणी चुकतोच.

मी स्वतः असाच चुकलो आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका गावी माती नमुन्यांसाठी गेलो होतो. ज्यांच्या शेतावर जायचे ते दादा माझ्या मागे डबलसीट बसले होते. गावाबाहेरच्या वळणावर आदल्याच दिवशी खडी टाकलेली होती. फलक नव्हता, पण खडी दिसत होती. मला ती दिसली, हे मुद्दाम सांगतो. समोरून टेम्पो आला म्हणून मी चाकोरी सोडून डावीकडे कडेला घेतले आणि गाडी कलती असतानाच पुढचा ब्रेक दाबला. पुढचे चाक एका क्षणात निघून गेले. मला खरचटण्यावर भागले. दादांच्या गळपट्टीचे हाड मोडले. मृग आठ-दहा दिवसांवर आलेला, पेरणीच्या तोंडावर त्यांचा उजवा हात गळ्यात. तिफण त्या वर्षी भावकीतल्या माणसाने धरली. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, आणि तेच अधिक लागते.

ताटात सांडलेल्या ज्वारीवर वाटी ठेवून सरकवून पाहा. वाटी दाण्यांवर नुसती तरंगते. खडीवर टायरचे तसेच होते. हे आकड्यांत मांडले तर अधिक पटेल. चांगल्या कोरड्या रस्त्यावर टायरला वजनाच्या सुमारे ०.७ पट पकड मिळते आणि सुट्या खडीवर ०.३ पट, असे धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला तर ते ११ मीटर, आणि नंतर थांबण्यास चांगल्या रस्त्यावर ९ मीटर. एकूण २० मीटर. सुट्या खडीवर हेच अंतर ३२ मीटर होते. वेग ताशी ६० असेल तर चांगल्या रस्त्यावर ३७ मीटर लागतात आणि खडीवर तब्बल ६४ मीटर. एवढ्यात वळण, मोरी आणि समोरचा टेम्पो सगळेच येऊन जाते.

वळणाचा हिशेब याहून कडक आहे. शेतरस्त्यांवर असते तसे २० मीटर त्रिज्येचे वळण घ्या. ताशी ४० वेगाने ते घेण्यास वजनाच्या ०.६ पटीहून थोडी जास्त पकड लागते. ताशी ३० ला साधारण ०.३५ पट. ताशी २० ला केवळ ०.१६ पट. सुटी खडी देते ०.३. म्हणजे तीसच्या वेगाने ते वळण पार पडणे शक्य नाही, आणि वीसच्या वेगाने पकड जवळजवळ निम्मी शिल्लक राहते. वेग निम्मा केला की पकडीची गरज चौथ्या हिश्श्यावर येते, निम्म्यावर नव्हे.

ब्रेकविषयी दोन टोकांची माणसे भेटतात. एक पुढच्या ब्रेकला हातच लावत नाहीत, दुसरे तोच कचकन दाबतात. चांगल्या रस्त्यावर गाडी थांबविण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच वजन पुढे झुकते. म्हणून त्याला घाबरून चालणार नाही. परंतु खडी, वाळू किंवा पाघळलेले डांबर असेल तर गाडी सरळ उभी असतानाच, दोन्ही ब्रेक हळूहळू आणि बेताने वापरावेत. गाडी कलती असताना पुढच्या ब्रेकला हात नको. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना १२५ सी.सी.पर्यंत दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी व त्यावरील गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा बंधनकारक झाली आहे. तिचा उपयोग आहेच, पण टायरखाली पकडच नसेल तर कोणतीही यंत्रणा ती निर्माण करू शकत नाही.

आपल्या शेतातून रस्त्यावर येणारा धोका

आता थोडे आपल्याच अंगणात पाहू. रस्त्यावरील काही धोके ठेकेदार करीत नाही, आपण करतो.

२०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेमुळे उन्हाळ्यात तलावांतील गाळ शेतात नेण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालते. हलक्या जमिनीसाठी हा गाळ चांगलाच आहे आणि तो न्यावा असेच आम्ही सांगतो. परंतु ट्रॉली काठोकाठ भरली की दर वळणावर आणि गतिरोधकावर थोडा गाळ सांडतो. ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरमधील ढेकळे शेतातून बाहेर पडताच रस्त्यावर गळतात. गाळात चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण भरपूर असतात. कोरडा असताना तो पिठासारखा उडून मागच्याच्या डोळ्यांत जातो. वळवाची एक सर आली की त्याचे लोण्यासारखे लिंपण तयार होते. यावर उपाय स्वस्त आहेत. ट्रॉली फळीच्या चार बोटे खाली भरावी, वर ताडपत्री बांधावी. शेताच्या तोंडाशी आठ-दहा मीटर जाड मुरूम किंवा दगडांचा थर टाकावा म्हणजे टायरमधील माती तेथेच झडते. संध्याकाळी काम संपल्यावर रस्त्यावरची माती कोरडी असतानाच फावड्याने ओढून घ्यावी. ओली झाल्यावर ती निघत नाही, फक्त पसरते.

पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खोदला जातो. परवानगी घेणारे थोडे, आणि चर नीट बुजविणारे त्याहून थोडे. सगळी माती एकदम लोटून वर ट्रॅक्टर फिरवला की झाले, असे समजतात. काळी माती वाळली की आकसते, हे कापसाच्या शेतातील भेगा पाहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. महिन्याभरात तेथे वीतभर खोल घळ पडते आणि रात्री मोटारसायकलचे पुढचे चाक नेमके तिच्यात जाते. चर मुरमाने, साधारण अर्ध्या फुटाचे थर करून, प्रत्येक थरावर पाणी मारून व धुम्मस करून भरावा. काळी माती त्यात मुळीच घालू नये.

रस्त्यावर ज्वारी, हरभरा मळणे, हळद वाळविणे यांविषयी शेतकरी मेळाव्यांत बोललो की लोक हसतात, कारण सर्वांच्याच घरी ते होते. खळ्याची जागा नसते ही अडचण खरी आहे. पण निदान माल उचलल्यावर भोवती लावलेले दगड तरी उचलावेत. धान्य जाते आणि दगड महिनाभर तेथेच राहतात, असे जागोजागी दिसते. भुश्शाचा पातळ थरही खडीइतकाच निसरडा असतो. डिझेलचा डबा झाकणाविना गाडीला बांधून नेऊ नये. वळणावर सांडलेले डिझेल दिसत नाही, फक्त जाणवते, आणि जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो.

साईडपट्टीबद्दलही येथेच सांगतो. डांबराची कड आणि कडेचा मुरूम यांत अनेक ठिकाणी चार-सहा इंचांची पायरी पडलेली असते. समोरून मोठे वाहन आले म्हणून खाली उतरलो, तर वर येण्याची घाई करू नये. कडेला जवळजवळ समांतर राहून चाक वर चढविण्याचा प्रयत्न केला की टायर कडेला घासत जातो आणि गाडी आडवी होते. वेग अगदी कमी करावा, मागे पाहावे, आणि शक्य तितके काटकोनात वर यावे.

वळवाचा पहिला अर्धा तास

दोन-तीन महिने रस्त्यावर तेलाचे थेंब, टायरचे रबर, धूळ आणि गाळ साचत राहतो. पहिल्या सरीने तो भिजतो, पण धुऊन जात नाही. भुरभुर पावसाचा हा पहिला अर्धा तास जोराच्या पावसाहून अधिक घातक असतो. पाघळून गुळगुळीत झालेले डांबराचे पट्टे या वेळी सर्वांत वाईट ठरतात. सकाळपासून मऊ असलेले डांबर पावसाने गार होऊन घट्ट होते आणि वर पाण्याचा थर बसतो. शक्य असल्यास झाडाखाली न थांबता, विजेचा विचार करून, पक्क्या छपराखाली थांबावे व रस्ता चांगला धुतला गेल्यावर निघावे.

टायर आणि ओझे

"उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतो" हा सल्ला गावोगावी ऐकू येतो. तो उलटा आहे. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, त्या दबण्याने आतून तापतो, आणि असा टायरच फुटण्याची भीती अधिक. सकाळी गार टायरमध्ये २५ पौंड हवा असेल आणि दुपारी टायर तीस अंशांनी तापला, तर दाब सुमारे चार पौंडांनी वाढतो. ही वाढ होणार हे धरूनच कंपनीने आकडा ठरविलेला असतो. म्हणून हवा सकाळी, गाडी फिरविण्यापूर्वी तपासावी, ती गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावी आणि दुपारी तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये. डबलसीटसाठी मागच्या टायरचा आकडा वेगळा दिलेला असतो, तोही पाहावा. टायरच्या खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलण्याची वेळ झाली. कडक पडून भेगा गेलेला जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी ठेवू नये.

युरियाची ४५ किलोची गोणी मागच्या कॅरिअरवर टाकली की पुढचे चाक हलके होते. हँडल हलके लागते आणि ते बरे वाटते, परंतु पुढच्या चाकाची पकड त्याच प्रमाणात कमी झालेली असते. ओझे सीटवर, शक्य तितके पुढे व खाली, हलणार नाही असे बांधावे. दुधाचे कॅन एका बाजूला भरलेले आणि दुसऱ्या बाजूला रिकामे नेऊ नयेत. मागे एका बाजूला पाय घेऊन बसणाऱ्या भगिनींमुळेही तोल एकीकडे झुकतो. अशा वेळी सुट्या खडीवर वेग आणखी कमी ठेवावा. पदर, ओढणी किंवा खांद्यावरचे उपरणे साखळीत वा चाकात जाणार नाही याची निघतानाच खात्री करावी.

चालविणाराही तापतो

हवा आपल्या अंगापेक्षा गरम असेल तर उघड्या हातांवर लागणारा वारा गारवा देत नाही, उलट अंग तापवितो व घाम झपाट्याने सुकवितो. त्यामुळे पाणी किती गेले ते कळतही नाही. बाही दुमडून जाण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा, सैल सुती सदरा घालावा. निघण्यापूर्वी पाणी प्यावे आणि लांबच्या प्रवासात दर अर्ध्या तासाने थांबून पुन्हा प्यावे. डोके ठणकणे, पायात गोळे, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे दिसली तर पुढचे गाव गाठण्याचा हट्ट न धरता सावलीत थांबावे. उन्हाने थकलेल्या माणसाचा ब्रेकवरचा हात उशिरा चालतो, आणि वर हिशेबात धरलेला तो एक सेकंद मग दीड-दोन सेकंदांचा होतो. फवारणी करून लगेच गाडीवर बसणे टाळावे. काही कीटकनाशकांच्या बाधेत भरपूर घाम येतो, गरगरते व नजर अंधूक होते, आणि ते सगळे उन्हावर ढकलले जाते.

हेल्मेट उन्हाळ्यात नकोसे वाटते हे मान्य. आत सुती पातळ रुमाल बांधल्यास घाम शोषला जातो. भारतीय मानक ४१५१ चा शिक्का असलेले, हनुवटीचा पट्टा लावलेले हेल्मेटच उपयोगाचे. वर उल्लेखलेल्या २०२२ च्या अहवालातच, हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दगावल्याची नोंद आहे. त्यांत मागे बसलेले १४,३३७ होते.

कोणी पडलेच तर त्याला प्रथम तापलेल्या रस्त्यावरून सावलीत आणावे, कारण ६० अंशांच्या डांबरावर काही वेळ पडून राहिले तरी कातडी भाजते. मात्र मान किंवा पाठ दुखत असेल तर ओढाताण करू नये. डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी मिळून उचलावे. कातडीला डांबर चिकटले असेल तर ते ओढून काढू नये, रॉकेल लावू नये. त्यावर वीस मिनिटे गार पाणी सोडावे आणि डांबर डॉक्टरांना काढू द्यावे. खरचटलेल्या जागेवर हळद, माती, चुना काहीही न लावता स्वच्छ पाण्याने धुवावे व धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. १०८ वर फोन करावा. मदत करणाऱ्याच्या मागे पोलिसांचे झंझट लागते ही भीती अजून आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालून मदत करणाऱ्यास संरक्षण दिलेले आहे. त्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.

तक्रार कोठे करावी?

काही गावांत पाघळलेल्या डांबरावर लोक माती टाकतात. तसे करू नये. माती डांबरात मिसळते आणि पावसात त्याचा चिखल होतो. योग्य उपाय म्हणजे भरड वाळू किंवा खडीची कच पातळ पसरून, ती गरम करून टाकल्यास अधिक चांगले, रोलरने दाबणे व उरलेली झाडून काढणे. हे काम रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या खात्याचे. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग आणि केशरी असेल तर ग्रामीण मार्ग समजावा.

अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासह उपविभागीय कार्यालयात द्यावा व पोच घ्यावी. अर्जात जवळच्या दगडावरील आकडा, वळण वा मोरीची खूण आणि दुपारी दोनच्या सुमारास काढलेले छायाचित्र जोडावे. पाहणीची वेळही दुपारचीच मागावी. सकाळी नऊ वाजता आलेल्या अभियंत्याला तोच रस्ता कोरडा ठणठणीत दिसतो.